चैत्रातील चित्रे : सातारा-सांगलीचा कलावसंत

फाल्गुन सरत आला की कृष्णाकाठचा उजेड बदलतो. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या आणि हिवाळ्यात धुक्यात बुडालेल्या घाटांच्या पायऱ्या आता कोरड्या, फिकट करड्या दिसू लागतात. पळस, पांगारा आणि सावर यांची फुले निष्पर्ण फांद्यांवर भडकतात. सकाळी सात ते साडेनऊ हे जेमतेम अडीच तास निसर्गचित्रकाराच्या उपयोगाचे. त्यानंतर ऊन इतके चढते की जलरंगाचा ओला हात कागदावर फिरण्याआधीच वाळतो. तरीही कलाविद्यार्थ्यांचे आणि हौशी चित्रकारांचे गट याच दिवसांत वाईच्या गणपती घाटावर, मेणवलीच्या पायऱ्यांवर, सांगलीला आयर्विन पुलाच्या आसपास आणि हरिपूरच्या संगमावर बोर्ड मांडून बसलेले दिसतात. परीक्षा संपत आलेल्या असतात, नदी शांत असते आणि सावल्या ठळक पडतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील कलाप्रदर्शनांचा हंगाम साधारण याच सुमारास भरास येतो. मात्र पुण्या-मुंबईच्या सवयीने येथे कलादालन शोधणाऱ्याची थोडी फसगत होते. साताऱ्यातील शाहू कला मंदिर, सांगलीचे विष्णुदास भावे नाट्यमंदिर आणि दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह यांची नावे येथे सर्वांच्या तोंडी आहेत. १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणणाऱ्या सांगलीत नाटकाला हक्काचे घर मिळाले यात नवल नाही. चित्राला मात्र तसे नावाजलेले घर शहरात लाभले नाही. शाळेचे सभागृह, महाविद्यालयाचा व्हरांडा, मंगल कार्यालयाचा मधला काळ, देवळाचा सभामंडप आणि घरापुढचे अंगण येथेच ते आजवर टांगले, मांडले आणि रेखले गेले. या प्रदेशातील सर्वांत मोठा चित्रसंग्रह आहे तोही शहरात नव्हे, तर खटाव तालुक्यातील औंध या गावी, डोंगराच्या उतारावर.

अंगणातले प्रदर्शन

वसंतातील सर्वांत जुनी सामूहिक चित्रकला म्हणजे चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. त्या महिन्यात शेणाने सारवलेल्या अंगणात शिरगोळ्याच्या पांढऱ्या रांगोळीने एक भरगच्च चित्रपट रेखला जाई. मध्यभागी झोपाळ्यातील गौर, वर तोरण, दोन्ही अंगांना सूर्य-चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म, तुळस, गोपद्मे, कासव, नाग, गाय-वासरू, हत्ती, करंडा, फणी. चिन्हांची संख्या आणि क्रम घराघरांतून निराळा असे, आणि सून सासरी आली की तिच्याबरोबर माहेरचा एखादा आकारही येई. या चित्राला कर्त्रीची सही नसे. ते रोज पुसले जाई आणि रोज नव्याने काढले जाई.

हळदीकुंकवाच्या दिवशी घरात पायऱ्यांची आरास मांडली जाई. कलिंगडाची कोरलेली कमळे, मातीची चित्रे, काचेचे सामान, भिंतीवर रविवर्म्याच्या छापील तसबिरी असा थाट असे. कैरीची डाळ आणि पन्हे घेता घेता आळीतल्या बायका एकमेकींची आरास बारकाईने पाहत आणि तितक्याच बारकाईने तिची उणीदुणी काढत. प्रदर्शन आणि समीक्षा या दोन्ही संस्था येथे एकाच वेळी हजर असत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ही रीत सर्व समाजांची नव्हती, विशेषतः ब्राह्मणी आळ्यांतून ती अधिक दिसे. फरशीची अंगणे आणि सदनिका आल्यावर चैत्रांगण पाटावर किंवा रंगीत पुठ्ठ्यावर आले. अलीकडे पाडव्याच्या शोभायात्रांच्या मार्गावर निघणाऱ्या मोठ्या रांगोळ्यांनी त्याची जागा घेतली आहे. आकार वाढला, पण एकेका चिन्हामागचे घरगुती शहाणपण त्यात उतरलेच असे नाही.

गावगाड्याचा वसंत याहून वेगळा. वाईजवळच्या बावधन येथे रंगपंचमीला भैरवनाथाचे बगाड निघते. उंच शीड असलेला हा अवाढव्य लाकडी गाडा बैलजोड्या ओढतात. त्यातील चाके, जू आणि शीड यांची जुळणी हे सुतारकामाचे आणि गावाच्या एकत्रित स्मरणशक्तीचे काम आहे. चैत्रात शिखर शिंगणापूरला येणाऱ्या कावडी रंगीत कापडांनी आणि ध्वजांनी मढविलेल्या असतात. कलादालनाच्या व्याख्येत या गोष्टी बसत नाहीत. पण माणदेशातील माणसाला रंग, आकार आणि भव्यता यांची पहिली ओळख बहुधा तेथेच होते.

औंधचा डोंगर

या मुलखात चित्राला दगड-चुन्याचे कायमचे घर बांधून देणारा माणूस एका छोट्या संस्थानाचा अधिपती होता. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) १९०९ साली औंधच्या गादीवर आले. ७२ गावांचे हे संस्थान सलग नव्हते, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी, कुंडल आणि किर्लोस्करवाडी आजच्या सांगली जिल्ह्यात. सांगली जिल्हाच मुळी १ ऑगस्ट १९४९ रोजी 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि त्याला सध्याचे नाव १९६०च्या नोव्हेंबरात मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांच्या कलापरंपरेची मुळे एकाच संस्थानात शोधावी लागतात, ही गोष्ट आज सहसा ध्यानात येत नाही.

बाळासाहेब हे केवळ आश्रयदाते नव्हते. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्कारांचे प्रचारक तर जगभर प्रसिद्ध होते, आणि १९३५च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झाले. १९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या सभेत त्यांनी महाभारताच्या सचित्र आवृत्तीची कल्पना मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. पुढे विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली सिद्ध होऊ लागलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुखपृष्ठावर, प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारे म्हणून औंधच्या अधिपतींचे नाव छापलेले आहे. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पूर्णत्वास गेले. त्यातील पाठचिकित्सेला जगन्मान्यता मिळाली. चित्रांची कल्पना मात्र मागे पडली, आणि एका अर्थी हे बरेच झाले. आपल्या चित्रांपेक्षा आपला पैसा अधिक टिकाऊ ठरला, हे कळावयास बाळासाहेब त्या वेळी हयात नव्हते.

चित्रकार म्हणून ते कोठे बसतात याविषयी मतभेद होऊ शकतील. संग्राहक म्हणून होणार नाहीत. त्यांनी चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करविल्या आणि १९३२ साली अजिंठ्यावर इंग्रजीत मार्गदर्शक ग्रंथही लिहिला. राजस्थानी व पहाडी लघुचित्रे, बंगाली संप्रदायाची चित्रे, पाश्चात्त्य चित्र-शिल्पांच्या प्रतिकृती, राजा रविवर्मा यांची 'सैरंध्री', म. वि. धुरंधर यांची चित्रे असा संग्रह वाढत गेला. पाथरवट घराण्यातील स्थानिक शिल्पकारांकडून त्यांनी सहा ऋतूंच्या मूर्ती घडवून घेतल्या. महाराष्ट्रातील वसंत पाषाणात पाहावयाचा तर औंधलाच जावे लागते. हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराची 'माता व मूल' ही कृतीही येथे आहे. विसाव्या शतकातील शिल्पकलेला वळण देणाऱ्या या कलावंताचे काम मुंबई-दिल्ली सोडून खटावच्या माळावर कसे, असा प्रश्न ते प्रथम पाहणाऱ्या प्रत्येकास पडतो.

हा सारा संग्रह राजवाड्यात ठेवता आला असता. तो तेथे न ठेवता, यमाईच्या डोंगराच्या उतारावर स्वतंत्र इमारत बांधून १९३८ साली श्रीभवानी चित्रसंग्रहालय लोकांसाठी खुले करण्यात आले. माथ्यावर देवीचे मूळपीठ, पायथ्याशी गाव आणि मध्ये चित्रे. देवीला निघालेल्या शेतकऱ्याची वाट संग्रहालयाजवळूनच जाते. याच सुमारास, १९३९च्या जानेवारीत, महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंधची राज्यघटना अमलात आली आणि राजाने आपले अधिकार प्रजेच्या पंचायतींकडे सोपविण्यास प्रारंभ केला. सत्ता आणि चित्रे या दोन्ही गोष्टी वाड्याबाहेर पडण्याचा काळ एकच असावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

या डोंगराच्या सावलीत किती माणसे घडली, हे पाहिले म्हणजे संग्रहालयाचे खरे मोल कळते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जातात. परंतु ते मूळचे जे. जे. कलाशाळेतील चित्रकार होते आणि सुमारे तीस वर्षे औंधला राहिले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे नामवंत चित्रकार व महाराष्ट्राचे कला संचालक झाले. किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी जे. जे. मध्ये चित्रकला शिकण्यास गेले होते. रंगांधत्वामुळे त्यांना रंगचित्रण सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले. त्यांच्या कारखान्याशेजारीच १९२० पासून निघू लागलेल्या 'किर्लोस्कर' मासिकात आणि नंतरच्या 'स्त्री' व 'मनोहर' मध्ये चित्राला मोठे स्थान मिळाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः 'टाकांच्या फेकी' या नावाने व्यंगचित्रे काढीत, तर ग. ना. जाधव यांच्या मुखपृष्ठांनी मराठी घरांत चित्रकलेचा मासिक हप्ताच सुरू केला. कलादालनात कधी पाऊल न टाकलेल्या हजारो घरांनी चित्र पाहिले ते या मुखपृष्ठांवर. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर हेही याच संस्थानचे. त्यांच्या हातात लेखणीइतकाच कुंचला असे, आणि 'बनगरवाडी'तील तालमीच्या उद्घाटनाला येणारा राजा कोणाच्या वळणावर बेतला आहे हे सांगावयास नको.

तिन्ही ठिकाणची, म्हणजे औंध, सातारा व सांगली येथील, ही संग्रहालये आज राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहेत. सांगलीच्या संग्रहालयाला संस्थानकाळाची पार्श्वभूमी आहे. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय मुख्यत्वे इतिहासाचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून उसनी आणलेली वाघनखे १९ जुलै २०२४ पासून काही महिने तेथे मांडली होती, तेव्हा दूरदूरच्या गावांतून लोक ती पाहण्यास आले. एखादी वस्तू पाहण्यासारखी आहे हे नीट सांगितले, तर ग्रामीण माणूस संग्रहालयात येतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले. त्याच साताऱ्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या 'सैरंध्री'साठी तशी द्वाही अजून कोणी फिरविलेली नाही.

भिंतीवरचा वसंत

चित्रे टांगण्यास दालन नसले तरी भिंत असते. वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणवीसांच्या वाड्यात चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली पौराणिक प्रसंगांची चित्रे अजून दिसतात. हे गावच नानांना १७६८ साली औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून मिळाले, त्यामुळे औंधच्या घराण्याचा धागा येथेही येऊन पोहोचतो. वाई येथे रास्त्यांच्या मोतीबागेतही अशी भित्तिचित्रे आहेत. मेणवलीचा घाट हिंदी चित्रपटांमुळे, विशेषतः २००४च्या 'स्वदेस'मुळे, देशभर पोहोचला. त्यामागच्या वाड्यातील चित्रांपर्यंत मात्र फारच थोडे प्रवासी जातात. भित्तिचित्राचे शत्रू तीन : गळके छप्पर, जमिनीतून चढणारी ओल आणि सणासुदीला उत्साहाने मारलेला चुन्याचा हात. पहिल्या दोहोंवर खर्च करावा लागतो. तिसरा केवळ सांगून थांबविता येतो, आणि तरी अनेक जुन्या वाड्यांत तोच सर्वांत घातक ठरला आहे.

याच तालुक्याच्या डोक्यावर, पाचगणीजवळच्या भिलार येथे, २०१७च्या वसंतात एक वेगळा प्रयोग झाला. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या धर्तीवर 'पुस्तकांचे गाव' उभारण्याचे राज्य शासनाने ठरविले, आणि ४ मे २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. स्ट्रॉबेरीच्या या गावात घरे, देवळे, शाळा अशी २५ ठिकाणे निवडून तेथे सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली. कविता, कादंबरी, बालसाहित्य, इतिहास अशी विषयवार घरे ठरली. त्या घरांच्या भिंती सुमारे ७५ चित्रकारांनी एकत्र येऊन रंगविल्या. घरमालक चहा देत आहे, पोरे रंगाचे डबे धरून उभी आहेत आणि आजवर केवळ जाहिराती पाहिलेल्या भिंतीवर एखादे बालचित्र उमटत आहे, असे दृश्य गावाला नवे होते. पुस्तके वाचावयास येणारे किती आणि भिंतींपुढे उभे राहून छायाचित्रे काढणारे किती, अशी शंका काढली जाते. ती अगदीच गैर नाही. पण चित्र पाहण्यासाठी कोणी एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन उभे राहावे, हेही थोडे नव्हे. खरी अडचण हवेची आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरील पाऊस बाहेरच्या भिंतीवरचा आधुनिक रंग फार काळ टिकू देत नाही. मेणवलीचा गिलावा अडीचशे वर्षे तग धरून आहे तो आतल्या खोल्यांत असल्याने. उघड्यावरची चित्रे दर काही वर्षांनी पुन्हा रंगवावी लागणार, हे गृहीत धरूनच असे उपक्रम आखले पाहिजेत. एका परीने हा चैत्रांगणाचाच नियम झाला.

पदविकेचे चित्र कोठे जाते

शहरांतील हंगाम मुख्यतः विद्यार्थ्यांचा असतो. सांगलीच्या कलाविश्व महाविद्यालयासारख्या संस्थांतून वर्षाअखेरीस विद्यार्थ्यांचे काम मांडले जाते. व्यक्तिचित्र, स्थिरचित्र, निसर्गचित्र, मुद्राचित्रण, जाहिरातकला, सुलेखन या सर्वांचा तो लेखाजोखा असतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे तालुक्याच्या शाळांतूनही चित्रकलेचा तास अजून तग धरून आहे. या परीक्षा देऊन, पुढे कलाशिक्षक पदविका घेऊन, बहुसंख्य मुले पुन्हा शाळेतच चित्रकला शिक्षक होतात. त्यातले काही रात्री, सुट्टीत, घाटावर बसून स्वतःचे काम करीत राहतात. या भागातील चित्रकलेचा कणा म्हणावा तो हाच वर्ग.

त्याच्या चित्राला नंतर जागा लागते. मुंबईच्या जहांगीर कलादालनाची तारीख मिळविण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि तेथवर चित्रे चौकटीत बसवून नेण्याचा, राहण्याचा, परत आणण्याचा खर्च शिक्षकाच्या पगारातून निघत नाही. जवळचे ठिकाण म्हणून सभागृह भाड्याने घ्यावे, तर तेथे भिंतीला खिळा मारता येत नाही, दिवे छतातून थेट डोळ्यांवर येतात आणि शेजारी लग्नाचा बँड वाजत असतो. चांगल्या दालनास फार काही लागत नाही : सरळ, फिक्या रंगाची भिंत, चित्र टांगण्याची पट्टी, बाजूने पडणारा मंद प्रकाश आणि दहा दिवसांची निश्चिती. नाट्यगृहांच्या नूतनीकरणावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही मागणी किरकोळ आहे. सांगलीत तर आणखी एक पथ्य पाळावे लागेल. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. कागदावरचा जलरंग आणि पुराचे पाणी यांची भेट एकदाच होते. त्यामुळे सांगलीत कलादालन होईल तेव्हा ते तळमजल्यावर असता कामा नये.

औंधच्या बाबतीत निसर्गाने उलट उपकार केले आहेत. खटाव-माण हा पर्जन्यछायेचा, कोरड्या हवेचा प्रदेश. दुष्काळाने येथल्या माणसांचे जे नुकसान केले त्याची भरपाई कशानेच होणार नाही. पण कोकण किंवा कोल्हापूरच्या दमट हवेत तैलचित्राच्या कापडावर जी बुरशी चढते, तिचा त्रास येथे कमी. उन्हाळ्याचा ताप आणि धूळ यांची काळजी मात्र घ्यावी लागते, कारण तापमानाच्या सततच्या चढउताराने कापड सैल-ताठ होत राहते आणि रंगाच्या थराला बारीक तडे जातात.

बाळासाहेबांचे निधन १३ एप्रिल १९५१ रोजी झाले. लिओनार्दो द विंचीचा जन्मदिवस म्हणून १५ एप्रिल हा जागतिक कलादिन म्हणून पाळला जातो, त्यास २०१९ साली युनेस्कोचीही मान्यता मिळाली. दोन्ही तिथ्या एकाच आठवड्यात, शाळांच्या परीक्षा आटोपत असताना येतात. या आठवड्यात दोन्ही जिल्ह्यांतील कलाशिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी औंधच्या पायथ्याशी आपले वर्षभराचे काम मांडावे आणि वर जाऊन मूळ चित्रांसमोर बसून अभ्यास करावा, यास वेगळी इमारत लागत नाही, शासनाची परवानगी आणि एक मांडव पुरे.

साताऱ्याहून कोरेगाव-रहिमतपूर मार्गे औंध गाठता येते. पुणे-मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर हे जवळचे स्थानक. चैत्रात जाणाऱ्याने सकाळीच निघावे, ऊन चढण्यापूर्वी मूळपीठाचे दर्शन घ्यावे आणि उतरताना संग्रहालयात शिरावे. ऋतूंच्या मूर्ती, अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि 'सैरंध्री' एवढे नीट पाहावयाचे तरी दोन तास लागतात. हेन्री मूरची 'माता व मूल' आकाराने लहान आहे. ती कोठे आहे हे रखवालदारास विचारून घ्यावे, नाहीतर पुढे निघून जाण्याचा संभव असतो.